फ्युएल टेम्परेचर सेन्सरचा कोड आल्यावर: कॉमन रेल डिझेल इंजिनात सर्किट तपासण्याची रीत

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर ‘फ्युएल टेम्परेचर सेन्सर सर्किट’ असा कोड दिसला, की नवशिका मेकॅनिक लगेच नवा सेन्सर मागवतो. सेन्सर बसतो, कोड पुसला जातो आणि दोन दिवसांनी तीच गाडी तोच कोड घेऊन परत येते. कोडमधल्या ‘सर्किट’ या शब्दाकडे लक्षच गेलेलं नसतं. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायरींचा प्लग), ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत, जाणाऱ्या दोन वायरी, ईसीयूचा कपलर आणि ईसीयूच्या आतला तेवढा भाग, हे सगळं मिळून. सेन्सर हा त्यातला फक्त एक तुकडा. दोष नेमका कुठल्या तुकड्यात आहे, हे साध्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात कळू शकतं. त्यासाठीची ही रीत.

भारत स्टेज सहा हे उत्सर्जनाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर रस्त्यावरच्या सगळ्या नव्या डिझेल गाड्या इलेक्ट्रॉनिक झाल्या. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही उत्सर्जनाचे कडक नियम आले आणि त्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी, शिरली. त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यालाही आता पान्यासोबत मल्टिमीटर जवळ ठेवावा लागतो.

इंधनाचं तापमान मोजायचं कशाला?

डिझेल तापलं की फुगतं. एका अंशाला आकारमान साधारण ०.०८ टक्के वाढतं. ३० अंशांवरचं डिझेल ७० अंशांवर गेलं, तर तेवढ्याच मापात तीन टक्क्यांहून थोडं जास्त इंधन कमी बसतं. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू मायक्रोसेकंदांत ठरवतो, तेव्हा हा फरक त्याला हिशेबात धरावाच लागतो.

दुसरं कारण पंपाचं. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं (काही अवजड इंजिनं सोडली तर), डिझेलच त्याचं वंगण. तापलेलं डिझेल पातळ होतं, पंपाच्या आत गळती वाढते आणि धातूवर धातू घासू लागतो. म्हणून इंधन फार तापलं, बहुतेक इंजिनांत ८०-९० अंशांच्या पुढे गेलं, की ईसीयू ताकद कमी करतो. सेन्सर खोटं बोलला तरी ताकद कमीच होते. ‘पिकअप नाही’ म्हणून आलेल्या गाडीत इंजेक्टर उतरवण्याआधी हा आकडा पाहून घ्यावा.

सेन्सर कुठे बसवला आहे तेही आधी शोधा. काही इंजिनांत तो पंपाच्या इनलेटपाशी असतो, काहींत फिल्टरच्या डोक्यावर, काहींत परतीच्या पाइपात. रेलमध्ये १,६०० ते २,००० बार दाबाखाली असलेलं डिझेल इंजेक्टरमधून गळून परतीला लागतं तेव्हा दाब एकदम उतरतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन डिझेलातच राहते. त्यामुळे परतीच्या पाइपातला सेन्सर फिल्टरवरच्या सेन्सरपेक्षा बराच जास्त आकडा दाखवणार. तो दोष नाही.

दोन वायरींचा हिशेब

हा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. ईसीयूच्या आत ५ व्होल्टचा पुरवठा असतो, त्याच्यापुढे एक ठरावीक रोध, तिथून सिग्नलची वायर सेन्सरकडे जाते आणि दुसरी वायर, म्हणजे सेन्सर अर्थ, परत ईसीयूत येते. ईसीयू सिग्नल वायरवरचे व्होल्ट वाचतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. सर्किट एवढंच आहे.

अनेक इंजिनांत वापरल्या जाणाऱ्या एका सर्रास प्रकारच्या थर्मिस्टरचे आकडे खाली आहेत. ईसीयूतला रोध २.२ किलोओहम धरला, तर सिग्नलवर किती व्होल्ट दिसतील तेही दिलं आहे.

० अंश: ५,९०० ओहम, ३.६ व्होल्ट
२० अंश: २,५०० ओहम, २.७ व्होल्ट
४० अंश: १,१७५ ओहम, १.७ व्होल्ट
६० अंश: ६०० ओहम, १.१ व्होल्ट
८० अंश: ३२० ओहम, ०.६ व्होल्ट
१०० अंश: १८६ ओहम, ०.४ व्होल्ट

तुमच्या इंजिनाचा तक्ता वेगळा असू शकतो. निकाल त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलवरूनच द्यायचा. पण आकड्यांची चाल हीच असते: थंडीत रोध किलोओहमांत, गरमीत काहीशे ओहमांत.

कोड काय सांगतो

पी०१८० म्हणजे सर्किटमध्ये काहीतरी बिघाड, एवढंच. पी०१८१ म्हणजे आकडा मिळतोय पण पटत नाही. पी०१८२ म्हणजे सिग्नल खाली गेला, पी०१८३ म्हणजे सिग्नल वर गेला, आणि पी०१८४ म्हणजे सिग्नल येऊन-जाऊन आहे. ट्रक, ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांवर हाच दोष एसपीएन (दोष कशात आहे ते सांगणारा आकडा) १७४ म्हणून दिसतो. त्यासोबत एफएमआय (दोषाचा प्रकार सांगणारा आकडा) ३ असेल तर व्होल्ट जास्त, ४ असेल तर व्होल्ट कमी.

नवा माणूस हमखास इथे फसतो. वर आणि खाली हे शब्द व्होल्टबद्दल आहेत, तापमानाबद्दल नाहीत. पी०१८३ आला म्हणजे डिझेल तापलं असं नाही, उलटंच. वायर तुटली किंवा कपलर निघाला की सिग्नल ५ व्होल्टवर जाऊन बसतो आणि ईसीयूला वाटतं डिझेल उणे ४० अंशांवर आहे. पी०१८२ मध्ये सिग्नल शून्याजवळ येतो, म्हणजे सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला किंवा सेन्सर अर्थला टेकली आहे, आणि ईसीयूला डिझेल उकळतंय असं दिसतं. हे डोक्यात पक्कं बसलं की शोध सुरू होण्याआधीच निम्मा संपतो: पी०१८३ असेल तर तुटलेलं शोधायचं, पी०१८२ असेल तर चिकटलेलं.

लागणारं सामान

लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मल्टिमीटर, कपलरच्या मागून शिरतील अशा बारीक पिना, एक जंपर वायर, २.२ किलोओहम आणि ३३० ओहमचे दोन रेझिस्टर, थर्मामीटर, आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. रेझिस्टर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात.

ईसीयूच्या सर्किटवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. तो ओढतो तेवढा करंट या सर्किटसाठी बनवलेलाच नाही. इथे दोन-तीन मिलिअँपिअरचा खेळ आहे. वायरीच्या आवरणात सुई टोचणंही टाळा. कोकणातल्या पावसाळ्यात त्या एका भोकातून पाणी शिरून पुढच्या वर्षी तांबं हिरवं पडलेलं असतं.

इंजिन चालू असताना रेल, इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पाइपाचा कुठलाही नट ढिला करायचा नाही. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं. या तपासणीत तिकडे हात लावायची गरजही पडत नाही.

पहिलं पाऊल: कोड पुसू नका

आधी सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. फ्रीझ फ्रेममध्ये कोड पडला तेव्हाचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट असतात. इंजिन थंड असताना कोड पडला की तापल्यावर, हे पुढे फार उपयोगी पडतं.

याच वेळी शेजारचे कोड बघा. कूलंट, इनटेक एअर, रेल प्रेशर अशा दोन-तीन सेन्सरांचे कोड एकदम आले असतील, तर फ्युएल सेन्सर बाजूला ठेवा. बऱ्याच इंजिनांत अनेक सेन्सरांना एकच सेन्सर अर्थ असतो. तो ज्या जोडावर एकत्र येतो तिथेच दोष असण्याची शक्यता जास्त.

थंड इंजिनाचा आकडा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू न करता फक्त चावी ऑन करा. फ्युएल, कूलंट आणि इनटेक एअर, तिन्ही तापमानं जवळपास सारखी दिसायला हवीत. पाच अंशांचा फरक चालतो. बाकीचे दोन २६ दाखवतायत आणि फ्युएल ४५ किंवा उणे ४०, तर सर्किट खोटं बोलतंय. उन्हात उभ्या गाडीवर ही तुलना करू नका. नागपूरच्या मे महिन्यात टाकीतलं डिझेल, रेडिएटर आणि एअर बॉक्स तिघंही वेगवेगळे तापलेले असतात.

एक सावधानता: कोड पडल्यावर अनेक ईसीयू खरा आकडा सोडून ठरवलेला बदली आकडा दाखवतात. आकडा तासभर एका अंशानेही हलत नसेल, तर तो बहुधा बदली आकडा आहे. अशा वेळी तापमानाऐवजी सेन्सरचे व्होल्ट दाखवणारी ओळ स्कॅनरवर शोधा, नाहीतर कपलरवर स्वतः मोजा.

दोन मिनिटांची फोड

वेळ थोडा असेल तर बाकी सगळं सोडून एवढं तरी करा.

चावी बंद करा, सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन करा. स्कॅनरवर आकडा उणे ४० किंवा त्या ईसीयूच्या तळाला जायला हवा. पुन्हा चावी बंद. वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन्ही पिनांत जंपर टाका आणि चावी ऑन करा. आता आकडा वरच्या टोकाला जायला हवा, बऱ्याच ईसीयूत १२० अंशांच्या पुढे.

दोन्ही वेळा आकडा असा पळाला तर वायरिंग आणि ईसीयू काम करतायत, दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पिनांत. आधी पी०१८२ होता आणि कपलर काढूनही आकडा वरच राहिला, तर सिग्नलची वायर वाटेत कुठेतरी अर्थ झाली आहे. पी०१८३ होता आणि जंपर टाकूनही आकडा तळालाच, तर दोन वायरींपैकी एक तुटली आहे.

जंपर फक्त दोन पिनांच्या सेन्सरला. प्रेशर आणि तापमान एकाच सेन्सरात असेल तर कपलरला तीन किंवा चार पिना असतात आणि त्यांतली एक ५ व्होल्टच्या पुरवठ्याची असते. ती चुकून अर्थला जोडली तर त्या पुरवठ्यावरचे सगळे सेन्सर एकदम बंद पडतील. डायग्राम बघून सिग्नल आणि सेन्सर अर्थ ओळखा आणि जंपरऐवजी ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. वर दिलेल्या तक्त्याच्या सेन्सरसाठी स्कॅनरवर ८० अंशांच्या आसपास आकडा आला पाहिजे. २.२ किलोओहम लावला तर २० ते २५ अंश. ही चाचणी जंपरपेक्षा चांगलीच, कारण आकडा पळतो की नाही एवढंच न कळता तो बरोबर येतो की नाही हेही कळतं.

कपलरवर व्होल्ट

कपलर काढलेला, चावी ऑन. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सिग्नलच्या पिनवर. ५ व्होल्टच्या आसपास हवेत. आता काळी पिन कपलरमधल्या सेन्सर अर्थवर लावून पुन्हा मोजा. तोच आकडा आला पाहिजे.

बॅटरीशी मोजून ५ आणि सेन्सर अर्थशी मोजून शून्य किंवा डळमळता आकडा, म्हणजे सेन्सर अर्थची वायर तुटली. दोन्हीकडे शून्य, म्हणजे सिग्नलची वायर तुटली किंवा अर्थ झाली. यातलं कुठलं ते कोडच सांगेल. १२ व्होल्ट दिसले तर हात थांबवा, बॅटरीचा पुरवठा सिग्नलवर चढला आहे. फिल्टरच्या डोक्यावर डिझेल हीटर असेल तर आधी तिथे बघा. हीटर भरपूर करंट ओढतो, त्याचा कपलर ढिला पडला की तापतो, आणि शेजारच्या वायरींचं आवरण वितळून त्या एकमेकींना चिकटतात.

मग कपलर परत जोडून, इंजिन चालू ठेवून, मागून पिन घालून सेन्सर अर्थ आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात किती व्होल्ट आहेत ते पाहा. ०.०५ व्होल्टच्या आत हवेत. जास्त असतील तर अर्थच वर उचलला गेला आहे आणि त्या अर्थवरचे सगळे सेन्सर चुकीचं सांगणार.

सेन्सरचा रोध

सेन्सर जागेवरच ठेवून, कपलर काढून दोन पिनांत ओहम मोजा आणि सेन्सरजवळच्या धातूचं तापमान थर्मामीटरने बघा. तक्त्याशी पाच-दहा टक्क्यांचा फरक सोडून द्या. अनंत रोध किंवा पाच-दहा ओहम आले, तर सेन्सर मेलेला आहे, पुढे काही तपासायला नको.

शंका उरली तर सेन्सर बाहेर काढा, पुसून कोरडा करा आणि फक्त टोक पाण्यात बुडवा: आधी बर्फाच्या पाण्यात, मग साध्या, मग इलेक्ट्रिक किटलीतल्या गरम पाण्यात. प्रत्येक वेळी थर्मामीटर शेजारी, आणि आकडा स्थिर व्हायला दोन मिनिटं द्या. डिझेल लागलेला सेन्सर गॅसच्या शेगडीजवळ नेऊ नका. पाणी तापत असताना ओहम सरळ खाली उतरले पाहिजेत. मध्येच उडी मारली किंवा एकदम अनंत झाले, तर आतला जोड तुटलाय आणि उष्णतेने उघडतोय.

वायरीचा रोध

चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, ईसीयूचा कपलरही काढलेला. सेन्सरच्या कपलरपासून ईसीयूच्या पिनपर्यंत प्रत्येक वायर एक ओहमच्या आत हवी. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा ०.२-०.३ ओहम वजा करा. मग प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात, आणि दोन्ही वायरींत आपसात मोजा. मेगाओहमांत किंवा अनंत हवं. हे मोजताना दोन्ही पिनांचं धातू बोटांनी धरू नका, नाहीतर तुमच्या अंगाचाच रोध मीटरवर येईल.

बझरच्या आवाजावर विसंबू नका. बऱ्याच मीटरांत ३०-४० ओहमलाही बझर वाजतो.

सगळ्यात चकवणारा दोष: थोडंसं खोटं

वायर तुटणं किंवा अर्थ होणं सापडायला सोपं. त्रास देतो तो पी०१८१, जिथे आकडा येतो पण चुकीचा. गरम आणि थंड अशा दोन्ही अवस्थांत मोजलं तर इथे नेमका फरक कळतो.

समजा कपलरची पिन गंजली आणि तिथे ५०० ओहमचा जादा रोध उभा राहिला. थंडीत, २० अंशांना, सेन्सर २,५०० ओहमचा. त्यात ५०० मिळून ३,००० झाले, ईसीयू १५-१६ अंश समजतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. इंजिन तापलं, डिझेल ८० अंशांवर गेलं, सेन्सर ३२० ओहमवर उतरला. त्यात तेच ५०० मिळून ८२० होतात आणि ईसीयूला ५० अंश दिसतात. तीस अंशांची चूक, आणि पंप वाचवायला ताकद कमी करण्याची जी वेळ, ती ईसीयूला कळतच नाही.

आता उलट बाजू. कपलरमध्ये पाणी किंवा मीठ साचून दोन पिनांत १० किलोओहमची गळती झाली. थंडीत २,५०० आणि १०,००० समांतर मिळून २,००० होतात, ईसीयू २० ऐवजी जवळजवळ २६ अंश समजतो. पहाटे आणखी थंडी असेल तर चूक आणखी वाढते. तापल्यावर मात्र ३२० ओहमपुढे त्या गळतीचा काहीच प्रभाव नाही, आकडा अगदी बरोबर येतो.

म्हणजे थंडीत बरोबर आणि गरमीत कमी आकडा दिसला, तर गंजलेली, पसरलेली किंवा ढिली पिन शोधा. गरमीत बरोबर आणि थंडीत जास्त दिसला, तर ओल शोधा. किनारपट्टीवरच्या गाड्यांत आणि पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतलेल्या गाड्यांत हा दुसरा दोष आधी बघावा. कपलरचं रबरी सील जागेवर आहे का तेही तपासा. ते सर्रास हरवलेलं असतं.

पिनेची पकड तपासायला त्याच मापाची सुटी नर पिन मादी पिनेत घालून ओढून बघा. जराही अडत नसेल तर पिन पसरली आहे. ती बदलायची. चिमट्याने दाबलेली पिन महिनाभरात पुन्हा सैल होते.

येऊन-जाऊन होणारा दोष

मीटर मिन-मॅक्सवर किंवा स्कॅनर आलेखावर ठेवा आणि इंजिन आयडलवर असताना हार्नेस (वायरींची जुडी) हातभर हातभर हलवत पुढे जा. आकडा जिथे उडतो तिथे थांबा. ब्रॅकेटच्या कडेवरून जाणारी जागा, इंजिनाकडून बॉडीकडे उडी घेणारा भाग आणि उंदरांनी कुरतडलेलं आवरण आधी तपासा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात. हलवून काही सापडलं नाही तर कपलरवर हेअर ड्रायरने गरम हवा सोडा.

आकडा खरा असेल तर

सर्किट निर्दोष निघालं आणि डिझेल खरंच ८५-९० अंशांवर असेल, तर शोध वेगळीकडे न्यायचा. टाकीत डिझेल कमी असेल तर परतीचं गरम डिझेल तेवढ्याच साठ्यात फिरत राहतं. आधी टाकी अर्ध्याच्या वर भरून बघा. मग परतीच्या पाइपातला कूलर चिखलाने भरलाय का, फिल्टरचा हीटर रिले चिकटून सतत चालू आहे का, आणि इंजेक्टरांची परतीची गळती प्रमाणाबाहेर आहे का, हे या क्रमाने.

दुरुस्ती आणि पडताळणी

वायर जोडायची तर क्रिम्प करून वर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा. दोन वायरींचे जोड समोरासमोर न ठेवता दोन-तीन सेंटिमीटर मागेपुढे ठेवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड डिझेलच्या वाफेत आणि उष्णतेत टिकत नाही.

सेन्सर बदलायचा असेल तर आधी भोवतालची घाण ब्रशने आणि हवेने काढा. उघड्या भोकातून गेलेला एक कण पंपात किंवा इंजेक्टरात जाऊन बसतो. नवी ओ-रिंग किंवा वॉशर घाला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच कसा, कारण बहुतेक वेळा खाली ॲल्युमिनियम असतं आणि आटे पटकन जातात. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे इंधनातून थेट पुढे जातात. प्रायमरने (इंधनाच्या हातपंपाने) एअर काढा, इंजिन चालू करून गळती बघा आणि मगच कोड पुसा.

मग गाडी लोडवर निदान अर्धा तास चालवून फ्युएल तापमानाचा आलेख नोंदवा. रेषा हळूहळू चढली पाहिजे, मध्ये उडी किंवा खड्डा नको. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी चावी ऑन करून तिन्ही तापमानं पुन्हा एकदा जुळवा. ती जुळली की हार्नेस मूळच्या क्लिपांत बसवा आणि वायर जिथे घासली होती तिथे नवी कोरुगेटेड नळी चढवा.